रंगवलेली सावली

दिवाळी उरकली की आमच्या मोहाडी तालुक्यात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, दंडार आणि पाहुण्यांची वर्दळ; रात्री नाटक. झाडीपट्टीचे नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि तांबडे फुटेपर्यंत चालते. अशाच एका मंडईत मला जागा मिळाली ती अगदी पुढे, पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ. प्रवेश जंगलातला होता. पडद्यावर सागाची झाडे, मधून पायवाट, आणि प्रत्येक झाडाच्या बुडाशी डावीकडे लांबत गेलेली काळपट निळी सावली. दिवा मात्र डाव्या विंगेतून येत होता. नायक झाडाजवळ उभा राहिला तेव्हा त्याची सावली उजवीकडे पडली, झाडाची डावीकडेच राहिली. एकाच जंगलात दोन सूर्य! एवढ्या गर्दीत कुणालाही त्यात वावगे वाटले नाही. मलाच तेवढी चुटपुट लागली.

दुसऱ्या दिवशी पडदा रंगवणाऱ्याला गाठले. सरसात खडू, नीळ आणि काजळी कालवून मांजरपाटावर जंगल उभे करणारा माणूस. आता फ्लेक्सचे छापील पडदे आल्यापासून त्याचे काम निम्म्यावर आले आहे. त्याला विचारले, "सावली दिव्यावर का सोडत नाही?"

"लाइटचा का भरोसा जी, गुरुजी? आज हाय, उद्या नाई."

मी समाधानाने मान डोलावली, तर तो पुढे म्हणाला, "अन् लाइट असला तरी मी काढतोच. दिव्याची सावली हालते. रंगाची हालत नाई."

या उत्तराच्या बळावर मी एका मोठ्या पंडिताशी भांडायला निघालो आहे. पंडिताचे नाव सिगफ्रीड क्रॅकाउअर.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो. तो हलका नाही. २६ फेब्रुवारी १९२० रोजी बर्लिनच्या मार्मोरहाउस चित्रगृहात रॉबर्ट वीने यांचा 'डॉ. कॅलिगारीचे कॅबिनेट' हा मूकपट लागला. जत्रेत तंबू ठोकणारा डॉ. कॅलिगारी, त्याच्या पेटीत पडून असलेला, झोपेत चालणारा सेझारे. तो दिवसा लोकांचे भविष्य सांगतो आणि रात्री मालकाच्या हुकमाने त्यांचे खून पाडतो. घरे कललेली, खिडक्या त्रिकोणी, गल्ल्या सुरीच्या पात्यासारख्या. शेवटी कळते की ही हकीकत सांगणारा फ्रान्सिस वेड्यांच्या इस्पितळातला रुग्ण आहे आणि कॅलिगारी हा तिथला प्रमुख डॉक्टर. क्रॅकाउअर हे फ्रांकफुर्टच्या एका नामवंत दैनिकाचे समीक्षक. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. न्यूयॉर्कला बसून त्यांनी १९४७ साली जे पुस्तक काढले, त्याच्या नावातच सिद्धान्त आहे: कॅलिगारीपासून हिटलरपर्यंत. चित्रपट हे एकट्याचे काम नव्हे, ते अनेकांनी मिळून अनेकांसाठी केलेले असते; म्हणून त्यात राष्ट्राच्या मनाचा तळ दिसतो. हरलेल्या जर्मनीला एकतर जुलूम नाहीतर अराजक, याखेरीज तिसरी वाट सुचत नव्हती. कॅलिगारी, नोस्फेरातू, माबुजे ही पडद्यावरची भुते म्हणजे येऊ घातलेल्या हुकूमशहाची वरात होती.

या मताचा सर्वांत भक्कम खांब एका किश्श्यावर उभा आहे. हान्स यानोवित्स आणि कार्ल मायर या लेखकद्वयाने मूळ कथा सत्तेविरुद्ध लिहिली होती: वेडा आहे तो अधिकारीच. निर्मात्या मंडळींनी तिला पुढेमागे एक चौकट ठोकली, सांगणाऱ्यालाच वेडा ठरवले, आणि बंडखोर कथा आज्ञाधारक झाली. चित्रपटाचे जे झाले तेच पुढे राष्ट्राचे झाले. किस्सा इतका देखणा आहे की चित्रपट-रसास्वादाच्या शिबिरांतून आणि टिपणांतून तो आजही जसाच्या तसा फिरतो. मराठीत त्याला एक शेपूटही फुटले आहे: 'प्रभात'च्या 'अमृतमंथन'मधला अंधार हा जर्मन अंधार, शांतारामबापूंनी तिकडून आणलेला. शेपटाचा समाचार शेवटी घेऊ.

आधी खांब हलवून पाहू. चौकटीचा किस्सा क्रॅकाउअर यांनी घेतला तो यानोवित्स यांच्या लेखी आठवणींतून, घटनेनंतर वीसेक वर्षांनी लिहिलेल्या. तेव्हा पटकथेची प्रत कुणापाशी आहे, हे ठाऊक नव्हते. ती होती कॅलिगारीची भूमिका करणाऱ्या वेर्नर क्राउस यांच्याकडे. पुढे ती बर्लिनच्या चित्रपट-संग्रहालयात आली आणि १९९५ मध्ये छापून निघाली. त्या प्रतीत चौकट आहे! फ्रान्सिस आणि त्याची पत्नी आपल्या घराच्या सज्जात पाहुण्यांसमवेत बसले आहेत, आणि तो जुनी गोष्ट सांगायला घेतो. म्हणजे कथेला कथेत बसवण्याची युक्ती लेखकांचीच. इथे मी प्रामाणिक राहतो: त्या चौकटीतला फ्रान्सिस वेडा नाही, सुखी गृहस्थ आहे. वेड्यांच्या इस्पितळाची कलाटणी नंतरचीच, आणि ती कुणाची यावर मंडळी अजून भांडतात. पण 'निर्भेळ बंडखोर कथेला बाहेरून चौकट ठोकली' हे विधान उरत नाही. पुरावा म्हणून साक्षीदाराची जबानी घेतली आणि दस्तऐवज सापडल्यावर जबानी फिकी पडली, तर न्यायाधीश निकाल बदलतो. चित्रपट-समीक्षेत मात्र निकाल छापील पुस्तकात असला की तो कायम.

तर्काचेही पाहू. आपल्या शास्त्रकारांनी लक्षणाचे दोष सांगितले आहेत, त्यांतले अव्याप्ती आणि अतिव्याप्ती हे दोन्ही इथे एकाच घरात नांदतात. त्या दशकात जर्मनीत चित्रपट निघत होते ते शेकड्यांनी. त्यांत प्रहसने, संगीतिकांवर बेतलेली प्रेमप्रकरणे, साहसकथा, ऐतिहासिक थाटमाट. अर्न्स्ट लुबिचचा 'मादाम द्युबारी' १९१९चा, त्यावर लोक तुटून पडले होते. राष्ट्राचे मन ज्या तिकीटखिडकीवर रांग लावते तिथे ते सापडायला हवे होते. ते नेमके मूठभर वाकड्या खिडक्यांतच का सापडावे? आणि मूठभर म्हणजे खरोखर मूठभर. अभ्यासक बॅरी सॉल्ट यांनी १९७९ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा काटेकोर अर्थाने अभिव्यक्तिवादी म्हणावेत असे मूकपट बोटांवर मोजण्याइतकेच उरले: 'कॅलिगारी', वीने यांचेच 'गेनुइन' आणि 'रास्कोलनिकोव', कार्लहाइन्त्स मार्टिनचा 'सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत', पाउल लेनीचे 'मेणाच्या पुतळ्यांचे दालन' आणि आणखी एखाददुसरा. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरे, पण शीत त्याच भांड्यातले लागते.

काळाचा क्रमही उलटा बसतो. भीती पराभवातून जन्मली म्हणावे, तर पाउल वेगेनर यांचा 'प्रागचा विद्यार्थी' १९१३चा, त्यांचा पहिला 'गोलेम' १९१५चा. तेव्हा हार कुणाच्या स्वप्नातही नव्हती. वाकड्या रेषेचे म्हणाल, तर ड्रेस्डेनच्या तरुण चित्रकारांनी 'पूल' या अर्थाच्या नावाने आपला गट १९०५ मध्येच काढला होता. लेकरू आधी आणि बाप मागाहून, अशी ही वंशावळ आहे.

'कॅलिगारी' करणाऱ्यांचे काय झाले तेही पाहा. सेझारे झालेले कॉनराड फाइट हिटलर येताच ज्यू पत्नीसह देश सोडून गेले. वीने परागंदा होऊन १९३८ मध्ये पॅरिसला वारले, मायर १९४४ मध्ये लंडनला. आणि कॅलिगारी स्वतः? वेर्नर क्राउस मागे राहिले आणि १९४०च्या 'यूड झ्यूस' या ज्यूद्वेष्ट्या प्रचारपटात एकट्याने अनेक ज्यू पात्रे रंगवली. क्रॅकाउअरपंथी यावर हरखून म्हणतील, 'पाहा, कॅलिगारी नाझींना मिळाला!' हा काकतालीय न्याय झाला. कावळा बसला, फांदी मोडली, आणि १९४७ मध्ये येऊन कावळ्याने फांदीचे भविष्य सांगितले.

चित्रपट-नाटकात राजकीय अर्थ नसतोच, असे माझे म्हणणे नाही. तो असतो तेव्हा कसा दिसतो हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७चे. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे गांजलेली भूमी, हे पिटातल्या प्रेक्षकाला त्याच रात्री कळत होते. ते सरकारलाही कळले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. लेखकाचा हेतू, प्रेक्षकाची समज आणि सरकारची भीती, तिन्ही साक्षी त्या काळातल्या. 'कॅलिगारी'बाबत असली एक तरी साक्ष आहे का? १९२०च्या बर्लिनमध्ये वाद रंगला तो चित्रकलेचा: असा रंगवलेला देखावा कॅमेऱ्यापुढे शोभतो का, ही कला की जाहिरातबाजी. हुकूमशहा त्या पडद्यावर दिसला तो सत्तावीस वर्षांनी, अटलांटिकच्या पलीकडून.

मग ही भीती आली कुठून? इथे मला आमचा पडदेवाला उपयोगी पडतो.

हेर्मान वार्म, वाल्टर रायमान, वाल्टर र्‍योरिग हे तिघे 'कॅलिगारी'चे नेपथ्यकार. त्यांनी बर्लिनच्या वाइसनझे भागातल्या एका छोट्या स्टुडिओत लाकडी चौकटींवर ताणलेल्या कापडावर गाव रंगवले. उजेड रंगवला, सावल्या रंगवल्या, त्या जमिनीवरही उतरवल्या. एक लाडकी दंतकथा सांगते की युद्धोत्तर टंचाईत विजेचा कोटा संपला, म्हणून उजेड रंगवावा लागला. निर्माते एरिख पोमर यांनीच ती पुढे सांगितली. आमच्याकडे वीज जाण्याचे कौतुक कमी असल्याने मला ती फार भावली नाही. वीज नव्हती तर कॅमेऱ्यापुढे नट दिसले कसे? टंचाईने फार तर काम स्वस्तात उरकायची निकड दिली असेल. पण पडदेवाल्याने पहिले कारण सांगून झाल्यावर जे दुसरे सांगितले, खरे कारण ते. रंगाची सावली हलत नाही.

मी त्याला मोबाइलवर 'कॅलिगारी' दाखवला. कथा त्याला फारशी कळली नाही आणि त्याचे काही अडलेही नाही. तुरुंगाच्या प्रवेशाला त्याने बोटाने चित्र थांबवले. कोठडीच्या भिंतींवर उंच, निमुळते पांढरे पट्टे रंगवले आहेत. ते खाली उतरून जमिनीवर सरकतात आणि बेड्या घातलेला कैदी बसला आहे त्या जागी येऊन मिळतात. पडदेवाला बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "यानं जागा सोडली तं खेळ बिघडला. याले तेथंच बसा लागते."

मी पंधरा वर्षे हा चित्रपट पाहतो आहे, हे मला दिसले नव्हते. दिव्याचा उजेड नटामागे जातो. तो उठला की त्याची सावली उठते. रंगवलेल्या उजेडात नटाला उजेडामागे जावे लागते. माणसाची जागा आधीच कापडावर ठरलेली, त्याने फक्त येऊन ती भरायची. सेझारे भिंतीला चिकटून सरकतो तेव्हा अंगावर काटा येतो तो याचमुळे: त्याचे अंग भिंतीच्या रेषेच्या हुकमात आहे. वाकडी भिंत स्थिर, आणि सरळ देहाला तिच्याप्रमाणे वाकावे लागते. फाइट आणि क्राउस यांना ते साधले. बाकीचे बिचारे कोट-टोपी घालून जणू भलत्याच नाटकातून आल्यासारखे वावरतात. ही भीती राष्ट्राच्या अंतर्मनातून वर आलेली नाही. ती रंगशाळेत कालवलेली आहे, सरसासारखी. मागे बर्लिनच्या रंगभूमीची परंपरा होती. माक्स राइनहार्ट यांनी १९१७च्या अखेरीस झोर्गेचे 'भिकारी' केले तेव्हा अंधारातून एकेका पात्राला उजेडाने उचलून धरण्याचा प्रयोग झाला होता.

आता 'नोस्फेरातू' पाहा. म्हणजे या सगळ्यांना एकाच दावणीला बांधणे किती चुकीचे आहे ते कळेल. १९२२चा मुर्नाऊंचा हा चित्रपट घराबाहेर पडला: विस्मार आणि ल्युबेकच्या खऱ्या गल्ल्या, स्लोव्हाकियातला खरा ओरावा किल्ला, खरा समुद्र, खरे वारे. रंगवलेला पडदा औषधालाही नाही. तिथे काउंट ओर्लोकची सावली जिना चढते, लांब नखांचा हात दारापर्यंत पोचतो, आणि अंग मागेच राहते. ही दिव्याची सावली, हलणारी. हलते म्हणूनच भयंकर, कारण ती मालकाच्या आधी पोचते. 'कॅलिगारी'त सावली माणसाला जागेवर खिळते, 'नोस्फेरातू'त ती माणसाला सोडून पुढे निघते. दोन्ही भीतीच, पण कृती नेमकी उलट. आणि १९२०चा 'गोलेम' तिसऱ्याच जातीचा: हान्स पोएल्त्सिग या वास्तुविशारदाने टेम्पेलहोफला मातीच्या ढेकळांसारखी घरे प्रत्यक्ष बांधून काढली होती, हात लावून पाहावीत अशी. लोटे आयस्नर यांनी १९५२च्या पुस्तकात राइनहार्टचा उजेड आणि अभिव्यक्तिवाद्यांचा रंग यांत फरक करायला बजावले होते. पण फरक कोण लक्षात ठेवतो? काळोख दिसला की म्हणायचे 'जर्मन'.

आणि इथेच ते मराठी शेपूट येते.

'अमृतमंथन' १९३४चा, 'प्रभात' कोल्हापूरहून पुण्याला आल्यानंतरचा. नारायण हरी आपटे यांच्या 'भाग्यश्री' कादंबरीवरून घेतलेला. बळीची प्रथा बंद करणाऱ्या राजाविरुद्ध कट रचणारा राजगुरू. मराठीत केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. टेलिफोटो भिंगाने पडदाभर केलेला राजगुरूचा एक डोळा तेव्हापासून आजवर लोक विसरलेले नाहीत. शांतारामबापू 'प्रभात'च्या 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींसाठी त्याआधी जर्मनीला जाऊन आले होते, हे खरे. तिकडून नवे तंत्र शिकून आले, हेही खरे. त्यावरून तो अंधारही तिकडचाच, हा मात्र उडीचा तर्क आहे. ते गेले तेव्हा 'कॅलिगारी'ला तेरा वर्षे झाली होती, रंगवलेल्या देखाव्यांची लाट कधीच ओसरली होती, आणि बर्लिनच्या रस्त्यांवर हिटलरचे राज्य सुरू झाले होते.

घरचा पत्ता जवळ असताना टपाल बर्लिनला कशाला पाठवायचे? 'कॅलिगारी' लागला त्याच फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रगृहात बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' लागला. भीमाने केलेला कीचकाचा वध इतका हुबेहूब की ते दृश्य कापावे लागले, असे सांगतात. हे बाबूराव म्हणजे मुळात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. भाऊ आनंदरावांबरोबर त्यांनी महाल, रस्ते, जंगले रंगवली आणि पेंटर हे आडनावच होऊन बसले. गंमत पाहा: बर्लिनचे चित्रकार त्या महिन्यात सिनेमाला सपाट कापडाकडे ओढत होते, आणि कोल्हापूरचा पडदेवाला कापड टाकून देऊन भरीव, खोलीच्या देखाव्यांकडे निघाला होता. त्याला कापडाचे नवल उरले नव्हते. जन्म त्यातच गेला होता. १९२३च्या 'सिंहगड'मध्ये कृत्रिम उजेडात रात्र टिपण्याचे श्रेय त्यांना देतात. 'प्रभात'चे शांताराम, धायबर, दामले आणि फत्तेलाल बाबूरावांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले. 'अमृतमंथन'मधल्या चंडिकेच्या मंदिरातली सावली दिव्याची आहे, रंगाची नव्हे. भरीव खांबांवरून सरकणारी. खालून येणाऱ्या दिव्याच्या उजेडात देवीचा चेहरा कसा बदलतो, हे पाहायला फत्तेलालना जर्मनीला जावे लागले नसणार. नवरात्रात आमच्या चौंडेश्वरीच्या देवळात ज्योतीपाशी उभे राहिलेले लहान पोरही ते सांगेल.

जर्मन प्रभावाचा शोध घ्यायचाच, तर जर्मन माणसे जिथे खरोखर आली तिथे घ्यावा. फ्रान्त्स ओस्टेन म्युनिकहून आले, १९२५चा 'प्रेमसंन्यास' उन्हात, खऱ्या हत्ती-घोड्यांसह काढला, आणि पुढे मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये 'अछूत कन्या'सारखे नेटके, उजळ बोलपट दिले. १९३६ मध्ये ते नाझी पक्षाचे सदस्य झाले. वाकडी खिडकी त्यांनी कधी काढली नाही. क्रॅकाउअरच्या सिद्धान्ताचा हा एक जिवंत, मालाडला राहिलेला प्रतिवाद. त्यांचे छायालेखक योसेफ विर्शिंग यांच्या १९४९च्या 'महल'मधल्या सावल्यांपुढे मात्र मी हात टेकतो. तिथे बर्लिनची आठवण काढणाऱ्याला मी अडवणार नाही.

माझ्या खंडनाला तडा गेला तो घरातूनच. यंदाच्या मंडईत पुन्हा पुढे बसलो. तिसऱ्या अंकात तुरुंग होता. पडदा सुटला आणि मी सावरून बसलो: भिंती आत कललेल्या, खिडकी त्रिकोणी, आणि वरून निमुळते पांढरे पट्टे उतरत जमिनीपर्यंत आलेले. विंगेत आमचा पडदेवाला उभा होता. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. कैदी झालेला नट आला, पट्ट्यांच्या नेमक्या टोकावर बसला आणि गाणे सुरू करणार, एवढ्यात मागून कुणीतरी ओरडले, "ए भाऊ, पडदा तिरपा बांधला रे! सरका कर!" आणि दोन पोरे खरोखरच दोर घेऊन वर चढली.